अन्नातली चिवट रसायनं: नव्याने समजून घेणाऱ्यांसाठी

‘अन्नात घातक रसायन सापडलं’ अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न मनात येतो तो हाच: मग आजपासून काय खायचं बंद करू? प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, पण या रसायनांच्या बाबतीत त्याने फारसं काही हाती लागत नाही. डायॉक्सिन, पीसीबी, डीडीटी ही मंडळी एका जेवणातून क्वचितच कुणाला आजारी पाडतात. ती साठत जातात. घासाघासाने, वर्षानुवर्षं. त्यामुळे हिशोब मांडायचा तो दिवसाचा नाही, दहा-वीस वर्षांचा. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात आणि निम्मी भीती तिथेच उतरते.

पायरी १: आपण नेमकं कशाबद्दल बोलतोय ते ठरवा

अन्नातलं प्रत्येक रसायन चिवट नसतं. आजची बरीच कीटकनाशकं काही दिवसांत किंवा आठवड्यांत विघटित होतात. त्यांचे धोके वेगळे, उपाय वेगळे. चिवट म्हणायचं ते अशा रसायनांना, जी ऊन, पाणी, जिवाणू यांना दाद देत नाहीत, वाऱ्या-पाण्याबरोबर लांबवर जातात, सजीवांच्या शरीरात साठतात आणि अपायही करतात. या चारही गोष्टी एकत्र आल्या की प्रकरण गंभीर होतं.

घराणी मोजकीच आहेत. पहिलं जुन्या कीटकनाशकांचं: डीडीटी, अल्ड्रिन, क्लोर्डेन, लिंडेन, एंडोसल्फान. डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखल्याबद्दल पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं आणि १९७२ मध्ये अमेरिकेने त्याच्या शेतीतल्या वापरावर बंदी आणली. दुसरं पीसीबीचं. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि यंत्रांच्या तेलात वापरलेली ही रसायनं जगभरात मिळून १० लाख टनांहून अधिक तयार झाली. तिसरं घराणं डायॉक्सिन आणि फ्युरान यांचं. ती मुद्दाम कुणी बनवत नाही. क्लोरीन असलेल्या वस्तू अर्धवट जळल्या की आपोआप तयार होतात. चौथं, अलीकडे सगळ्यात जास्त चर्चेत असलेलं, पीफास: पाणी आणि तेल दोन्ही न चिकटू देणारी हजारो संयुगं, ज्यांना ‘कायमची रसायनं’ असं नाव पडलंय.

या सगळ्यांना आवर घालण्यासाठी २००१ साली स्टॉकहोम करार झाला आणि २००४ मध्ये तो लागू झाला. सुरुवातीच्या यादीत १२ रसायनं होती. आता ती संख्या तिसाच्या पुढे गेली आहे.

एका शब्दाने मात्र नेहमी गोंधळ होतो. यांना शास्त्रीय भाषेत ‘सेंद्रिय प्रदूषकं’ म्हणतात. तिथे सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं, एवढंच. सेंद्रिय शेतीशी त्याचा संबंध नाही. आणि ‘सेंद्रिय’ शिक्का असलेला माल या रसायनांपासून मुक्त असतो असंही नाही. डेन्मार्कमध्ये २०२३ साली सेंद्रिय अंड्यांतच पीफास आढळलं. कोंबड्यांच्या खाद्यात माशांची भुकटी मिसळलेली होती, तिच्यातून ते आलं होतं.

पायरी २: ती ताटापर्यंत कशी येतात ते पाहा

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायॉक्सिनपैकी ९० टक्क्यांहून अधिक अन्नातून जातं. मुख्यतः मांस, दुग्धजन्य पदार्थ, मासे आणि शिंपल्यांसारख्या जलचरांतून. धुराड्याजवळ राहणाऱ्यालाच धोका, हा समज त्यामुळे सोडून द्यायला हवा.

कारण अन्नसाखळीत आहे. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींत रसायन अगदी नगण्य असतं. त्या खाणारा किडा आयुष्यभर खातो आणि खाल्लेलं रसायन बाहेर टाकू शकत नाही. असे शेकडो किडे लहान मासा खातो, असे शेकडो लहान मासे मोठा मासा खातो. प्रत्येक पायरीवर रसायन दाट होत जातं. साखळीच्या शेवटच्या टोकाला माणूस बसलेला असतो, आणि त्याच्याही पुढे अंगावर पिणारं त्याचं बाळ.

१९८० च्या दशकात कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या नुनाविक भागात इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी मातांच्या दुधाची तपासणी झाली. कारखान्यांपासून इतक्या दूरचं दूध स्वच्छ निघेल अशी अपेक्षा होती. निघालं उलटंच: दक्षिण क्युबेकमधल्या मातांच्या दुधापेक्षा सुमारे पाचपट पीसीबी. उष्ण भागात ही रसायनं हवेत उडतात, थंड भागात खाली बसतात, असं करत करत ध्रुवापर्यंत पोचतात. तिथल्या सील आणि देवमाशांच्या चरबीत ती साठतात, आणि तीच चरबी तिथल्या लोकांचं अन्न आहे.

आता साठा कमी कसा होतो ते बघू. सगळ्यात विषारी डायॉक्सिनचं, म्हणजे टीसीडीडीचं, माणसाच्या शरीरातलं अर्धायुष्य ७ वर्षं किंवा त्याहूनही जास्त. आज शंभर भाग असतील आणि यापुढे एक कणही गेला नाही, तरी सात वर्षांनी पन्नास, चौदा वर्षांनी पंचवीस, एकवीस वर्षांनी बारा-तेरा भाग उरतील. पीफासपैकी पीएफओएसचं अर्धायुष्य सुमारे ५ वर्षं. एका आठवड्याच्या पथ्याने इथे काहीच हलत नाही, हे या आकड्यांवरून कळतं. तसंच, एखाद्या दिवशी चरबीदार जेवण झालं म्हणून फार बिघडतही नाही.

पायरी ३: अपाय कोणते, ते प्रमाण लक्षात घेऊन वाचा

मोठ्या मात्रेने काय होतं हे जगाने दुर्घटनांमधून पाहिलंय. १९६८ मध्ये पश्चिम जपानमध्ये आधी कोंबड्या मरायला लागल्या, लाखोंनी. त्यांच्या खाद्यात तांदळाच्या कोंड्याचं तेल काढताना निघालेला उपपदार्थ होता. त्या इशाऱ्याचा अर्थ वेळेवर लावला गेला नाही. काही महिन्यांत माणसं आजारी पडू लागली: चेहऱ्यावर आणि अंगावर काळपट पुटकुळ्या, डोळ्यांतून चिकट स्राव, नखं काळी, हातपाय बधिर. तेल गरम करणाऱ्या नळीत पीसीबी फिरत होतं आणि नळीला पडलेल्या बारीक भोकांतून ते खाण्याच्या तेलात झिरपलं होतं. युशो म्हणजे ‘तेलाचा आजार’, हे नाव त्यावरूनच पडलं. १९७९ साली तैवानमध्ये जवळजवळ तसंच घडलं, आणि बाधित मातांना नंतर झालेली मुलंही वाढीत मागे पडलेली आढळली. त्याआधी, १९५० च्या दशकात, आग्नेय तुर्कस्तानात हेक्झाक्लोरोबेन्झीन चोळलेलं पेरणीचं गहू-बियाणं लोकांनी खाल्लं; तेव्हा अंगावर पिणारी बाळं मोठ्या संख्येने दगावली.

रोजच्या अन्नातल्या मात्रा या घटनांच्या मानाने फारच लहान असतात. त्यांचे परिणाम चेहऱ्यावर दिसत नाहीत; ते हजारो लोकांची वर्षानुवर्षं तुलना केल्यावर कळतात. पीसीबी गर्भावस्थेत जास्त मिळालं तर मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. डायॉक्सिनने संप्रेरकांचं काम बिघडतं, प्रतिकारशक्तीवर आणि पुरुषांच्या शुक्राणूंवर परिणाम होतो. पीफासमुळे लसीनंतर मुलांच्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं कमी पडतात, कोलेस्टेरॉल वाढतं, जन्मतः वजन थोडं कमी भरतं.

कर्करोगाबद्दल नीट वाचायला हवं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टीसीडीडीला १९९७ मध्ये, पुढे पीसीबी आणि लिंडेनला, आणि २०२३ मध्ये पीफासपैकी पीएफओएला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे ‘माणसात कर्करोग घडवणारे’. डीडीटी त्याखालच्या, ‘बहुधा कर्करोग घडवणारे’ या गटात आहे. पण हे गट पुराव्याची ताकद सांगतात. किती मात्रेने किती धोका, हे त्यात नसतं. बातमीत हा फरक जवळजवळ नेहमीच गळतो आणि वाचणारा विनाकारण हादरतो.

पायरी ४: चरबीत की मांसात, हे आधी विचारा

स्वयंपाकघरात सगळ्यात उपयोगी पडणारा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

डायॉक्सिन, पीसीबी, डीडीटी आणि तिचे अवशेष चरबीत विरघळतात. म्हणजे चरबी काढली की त्यांचा मोठा भाग निघून जातो. मांसाच्या कडेची पांढरी चरबी कापून टाका. कोंबडीची कातडी काढा. दूध कमी स्निग्धांशाचं घेतलं तरी चालत असेल तर घ्या; दोन वर्षांखालच्या मुलांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यांना स्निग्धांश लागतो. काळीज आणि इतर अवयव रोजचं खाणं होऊ देऊ नका.

मासा साफ करताना तीन जागा पाहा. कातडी सोलली की तिच्या आतल्या बाजूला चिकटलेला करडा, तेलकट थर दिसतो. तो खरवडून टाका. मग तुकडा आडवा धरा. दोन्ही बाजूंना, अगदी मधोमध, लांबीभर गेलेली काळपट तांबूस पट्टी असते. ती सुरीच्या टोकाने दोन्हीकडून तिरपी कापली की अखंड निघून येते. शेवटी पोटाकडचा पातळ, लिबलिबीत भाग आणि पाठीवरची चरबी. एवढं काढायला दोन-तीन मिनिटं लागतात. नंतर मासा जाळीवर भाजा किंवा वाफवा, म्हणजे उरलेली चरबी गळून खाली पडेल. आणि ते गळलेलं पाणी किंवा तेल रश्श्यात घालू नका. पीठ लावून तळलं तर चरबी आतच कोंडली जाते.

आता दुसरी बाजू. पीफास चरबीत नाही, प्रथिनांना चिकटतं: रक्तात, यकृतात, मांसात. माशातला पाराही मांसातच असतो. पारा स्टॉकहोम करारात येत नाही, त्याचा वेगळा करार आहे, पण ताटात दोन्ही एकत्रच येतात. इथे सुरी कितीही चालवली तरी उपयोग नाही. उपाय निवडीचा: लहान आकाराचे, कमी वयाचे, अन्नसाखळीत खाली असलेले मासे घ्या. दुसऱ्या माशांवर जगणारे मोठे मासे क्वचित खा. नदीत किंवा तळ्यात स्वतः पकडलेला मासा असेल तर तिथल्या आरोग्य किंवा मत्स्य विभागाची सूचना आधी पाहा.

मासे बंद करू नका, हे मी मुद्दाम सांगते. त्यातली स्निग्धाम्लं बाळाच्या मेंदूसाठी आणि मोठ्यांच्या हृदयासाठी मोलाची आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर स्त्रियांनाही आठवड्याला सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम, कमी पाऱ्याचे मासे खाण्याचाच सल्ला दिलाय.

शिजवण्याबद्दल एकच सांगायचं: उकळण्याने, भाजण्याने, गोठवण्याने यातलं कुठलंही रसायन नष्ट होत नाही. डायॉक्सिन नष्ट करायला ८५० अंश सेल्सिअसच्या वरची भट्टी लागते.

पायरी ५: मातीकडे लक्ष द्या

फ्रान्सच्या अखत्यारीतल्या मार्टिनिक आणि ग्वादलूप या कॅरिबियन बेटांवर केळीच्या बागांत १९७२ ते १९९३ या काळात क्लोर्डेकोन नावाचं कीटकनाशक मारलं जात होतं. फवारणी थांबून तीन दशकं झाली, तरी तिथल्या मातीत ते आहेच, आणि ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात सापडतं. झाडावर उंच लागणाऱ्या फळांत ते फारसं चढत नाही. मातीत वाढणाऱ्या कंदमुळांत मात्र उतरतं.

त्यावरून घरच्या बागेसाठी धडा घेता येतो. आपल्या जागेवर पूर्वी काय होतं ते विचारा: कचरा जाळायची जागा, भंगाराचा साठा, ट्रान्सफॉर्मर, कीटकनाशकांचं गोदाम. शंका असेल तर माती तपासून घ्या, किंवा उंच वाफ्यांत बाहेरची स्वच्छ माती घालून लावा. कंद ब्रशने घासून धुवा आणि साल जाडसर काढा.

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांचं तसंच. कोंबडी दाणा टिपताना माती गिळते आणि तिच्यातलं रसायन अंड्याच्या बलकात उतरतं. जाळलेल्या कचऱ्याची राख पसरलेल्या अंगणात कोंबड्या सोडू नका.

कचरा जाळण्याबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. प्लॅस्टिक, विशेषतः पीव्हीसी, वायरी, रंग दिलेलं लाकूड उघड्यावर पेटवलं की मंद, धुमसत्या आगीत डायॉक्सिन तयार होतं. ते जवळच्या गवतावर बसतं. गवत जनावर खातं. पुढचं तुम्हाला आता माहीत आहे. अन्नातलं डायॉक्सिन कमी करण्याचं जे काम एक घर स्वतःच्या हाताने करू शकतं, त्यात हे सगळ्यात थेट आहे.

पायरी ६: पाणी, भांडी, वेष्टन

पाण्यात पीफास असेल तर उकळून फायदा नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. सक्रिय कोळशाचा फिल्टर किंवा आरओ चालतो, पण कोळशाचं काडतूस वेळेवर बदललं तरच.

न चिकटणाऱ्या भांड्यांची भीती जरा जास्तच पसरली आहे. त्या थराचा टवका पोटात गेला तर तो बहुतांशी तसाच बाहेर पडतो. भांडं रिकामं ठेवून मोठ्या आचेवर तापवू नका, एवढं पाळा. तेल न शोषणारे कागदी डबे आणि पिशव्या यांच्याकडे जास्त लक्ष द्या; त्यात गरम, तेलकट पदार्थ फार वेळ ठेवू नका. डेन्मार्कने अन्नाच्या कागदी वेष्टनात पीफासवर २०२० मध्ये बंदी घातली.

पायरी ७: मुली, गरोदरपण, अंगावरचं दूध

सगळ्या सल्ल्यांचं वजन इथे येऊन पडतं. नऊ महिन्यांत आहार बदलून आईच्या शरीरातला साठा विशेष घटत नाही, कारण तो तिच्या लहानपणापासून जमलेला असतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये पीफासची मर्यादा ठरवली, तेव्हा आईच्या वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत साठणारं रसायन आणि वर्षभर अंगावर पिणारं बाळ, असाच हिशोब धरला होता. म्हणून चरबी काढायची, मासे निवडून घ्यायची सवय घरातल्या मुलींना लहान असल्यापासून लावा. जागतिक आरोग्य संघटनाही मुली आणि तरुण स्त्रियांचंच नाव आधी घेते.

दूध पाजणं थांबवू नका. दुधातून रसायन जातं हे खरं, पण दुर्घटनेत सापडलेली माता सोडली तर अंगावरच्या दुधाचे फायदे त्याहून कितीतरी मोठे आहेत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट निष्कर्ष आहे. शिवाय बंदी आल्यानंतरच्या दशकांत मातांच्या दुधातलं डीडीटी आणि डायॉक्सिन अनेक देशांत खूप खाली आलंय.

वजन कमी करायचं असेल तर ते हळूहळू करा. चरबी झपाट्याने वितळली की तिच्यात साठलेलं रसायन रक्तात येतं. गरोदरपणात आणि दूध पाजत असताना कडक आहार टाळण्याला हे आणखी एक कारण आहे.

पायरी ८: यावर पैसे घालवू नका

शरीर ‘शुद्ध’ करणारी पेयं, गोळ्या, पायाला लावायच्या पट्ट्या यांनी ही रसायनं बाहेर येत नाहीत. खासगी रक्ततपासणीही बहुतेकांच्या उपयोगाची नाही: आकडा येतो, पण तो खाली आणणारं औषध नाही. गावातलं पाणी किंवा माती दूषित असल्याचं सिद्ध झालं असेल, किंवा कामाच्या जागी संपर्क असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलून तपासणी जरूर करा.

पायरी ९: बातमी आली तर

तीन गोष्टी शोधा: कोणतं रसायन, किती प्रमाणात, आणि कोणत्या मर्यादेशी तुलना केली. एककं जपून वाचा. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग, पिकोग्रॅम त्याचाही हजारावा. डायॉक्सिनसाठी युरोपची २०१८ ची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला २ पिकोग्रॅम आहे. चार मुख्य पीफाससाठी मिळून ४.४ नॅनोग्रॅम.

एक हिशोब करून पाहू. समजा नळाच्या पाण्यात लिटरमागे १० नॅनोग्रॅम पीएफओए, म्हणजे त्या चारांपैकी एक, आहे. रोज दोन लिटर प्यायलात, तर आठवड्याला १४० नॅनोग्रॅम. ६० किलो वजनाच्या माणसाची युरोपीय मर्यादा २६४. म्हणजे निम्म्याहून जास्त वाटा नुसत्या पाण्यानेच खाल्ला, आणि अन्नातलं अजून धरलेलंच नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम आहे, ती तर ओलांडलीच. अशा वेळी फिल्टर बसवायचा, पाणीपुरवठा खात्याकडे लेखी अहवाल मागायचा, आणि आकडा, नमुना घेतल्याची जागा व तारीख एका वहीत लिहून ठेवायची. पुढचा अहवाल आला की प्रमाण खाली येतंय का वर जातंय, हे त्या वहीवरूनच सांगता येईल.